थट्टेखोरांच्या घरी मुलगी

आमच्या कारखान्यात ज्यांना सगळे पाहुणे म्हणतात, ते गेली सहा वर्षं रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, स्वतःच्या खुंटीला कोट अडकवतात आणि स्वतःच्या स्टुलावर बसून जुन्या सोफ्यांचे खिळे उपसायला लागतात. इतका मुक्काम ठोकलेल्या माणसाला पाहुणा म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. पण ते दुसऱ्या देशातून आले, पहिल्या दिवशी आमच्या मालकीणबाईंनी "हे आपले पाहुणे" अशी ओळख करून दिली आणि त्यांचं खरं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसेना. मग तेच चिकटलं. आमचं काम सोफ्याचं चिकटलेलं कापड काढायचं, माणसाचं नाव काढत बसायला वेळ कुणाला आहे.

कारखाना म्हटलं म्हणून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याचं छप्पर, मधे एक लांब टेबल, दोन शिलाई मशीन, मागे पॉलिशची खोली आणि दारापाशी बाईंची काचेची केबिन. लोक फाटलेले सोफे, खचलेल्या खुर्च्या घेऊन येतात. आम्ही आतलं सगळं उपसून नवं भरतो आणि परत देतो. मी घरोघर जाऊन मापं घेतो, कापडाचे नमुने दाखवतो, तयार माल पोचवतो. मी शिकलो लहान गावातल्या शाळेत. तिथे एकच मास्तर तीन वर्ग एकदम हाकायचे, त्यामुळे एका कानाने इतिहास आणि दुसऱ्या कानाने गणित ऐकायची सवय मला लहानपणीच लागली. इथे ती फार उपयोगी पडते, कारण कारखान्यात हात कामात असतात आणि तोंडं दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत असतात.

त्यात सगळ्यांत वरचढ आमचे पॉलिशवाले. वयाने पाहुण्यांएवढेच. पोट थोडं पुढे, बोटं कायमची तपकिरी, आणि चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी नुकतंच कुणीतरी आजारी पडलेलं आहे. त्या चेहऱ्याने ते जे बोलतात त्यावर बाकीचे सुई बाजूला ठेवून हसतात. ते स्वतः हसत नाहीत. आमच्याकडे जो आपल्या विनोदावर आपणच हसला, त्याचा विनोद कच्चा धरतात.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. इथे चांगल्याला चांगलं म्हणायची पद्धत नाही. एखाद्याचं काम आवडलं तर त्याला नावं ठेवायची. जितकं जास्त आवडलं तितकी ठसठशीत नावं. माणसाचंही तेच. आणि आवडलं नाही, की "छान आहे" म्हणून गप्प बसायचं. हे आम्हाला बाळकडूबरोबरच मिळतं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही. बाहेरच्या माणसाला समजावायची वेळ आली की मात्र घाम फुटतो.

तो मला पहिल्याच आठवड्यात फुटला. पाहुण्यांनी उंच पाठीची एक खुर्ची भरली होती. पाठीवर गुंड्या अशा बसवल्या होत्या की प्रत्येक गुंडीभोवतीची चुणी दुसरीसारखी. पॉलिशवाले हातात फडकं घेऊन बाहेर आले, खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ही कोणी केली? बसणाऱ्याशी काही जुनं वैर आहे का?"

ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या आणि ओठ दाबले. असलं कौतुक आमच्या सगळ्यांत जुन्या शिलाईवाल्या आजोबांच्याही वाट्याला कधी आलं नव्हतं. पाहुणे उठून उभे राहिले, "माफ करा" म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर ती खुर्ची सोलून ठेवलेली. कापड एकीकडे, काथ्या एकीकडे, स्प्रिंगा उघड्या, आणि पाहुणे पहिल्या गुंडीपासून पुन्हा सुरुवात करत होते. पॉलिशवाले बराच वेळ तिथे नुसते उभे राहिले. मग आत गेले आणि आधीच पॉलिश झालेल्या टेबलाच्या पायाला पुन्हा पॉलिश करत बसले. बाईंनी केबिनमधून मला खूण केली, "त्यांना जरा समजावून सांग."

मी गेलो. म्हटलं, "पाहुणे, ते तुमचं कौतुक करत होते."

पाहुण्यांनी नीट विचार केला. ते आमची भाषा वर्गात बसून शिकलेले, त्यामुळे लहानथोर सगळ्यांना आपण म्हणतात आणि वाक्य अर्धं सोडत नाहीत. "मग त्यांनी कौतुक का केलं नाही?" त्यांनी विचारलं.

आमच्या शाळेत उत्तर येत नसलं की खिडकीबाहेर बघायचं असायचं. मी बघितलं.

त्यानंतर पॉलिशवाल्यांनी पाहुण्यांच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. पण कोट, टोपी, डबा, चालणं, बसणं, शिंकणं हे सगळं मोकळंच होतं, आणि ते त्यांनी सोडलं नाही. पाहुणे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि संध्याकाळी घरी जाताना मला गाठून विचारायचे, "आज ते माझ्या टोपीबद्दल बोलले. ती मी घालू नये का?"

त्यांना विनोदाचं वावडं होतं असं समजू नका. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा बंद केला, हात पुसले आणि सगळ्यांकडे वळून जाहीर केलं, "मी आता एक विनोद सांगतो." आमचे घास तोंडापाशीच थांबले. त्या विनोदात त्यांचे एक काका होते, एक नदी होती आणि नदीपलीकडे एक लग्न होतं. काका छत्री विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. छत्री मिळाली तर आहेर विसरला. आहेर घेऊन निघाले तर नावाडी जेवायला गेलेला. सुट्टी संपत आली तरी काका अलीकडच्या काठावरच. "शेवटी," पाहुणे म्हणाले, "काका घरी आले आणि घरीच जेवले." आणि ते समाधानाने आमच्याकडे बघत राहिले.

"मग?" कापड कापणाऱ्याने विचारलं.

"मग काही नाही. संपला."

पॉलिशवाले आपल्या त्या सुतकी चेहऱ्याने म्हणाले, "काकांचं बरोबर आहे. आज मीही घरीच जेवलो असतो तर वाचलो असतो."

सगळे खो खो हसले. पाहुण्यांनी मला हळूच विचारलं, "हे माझ्या विनोदाला हसले की त्यांच्या?" मी म्हटलं, दोन्हींना. त्यांना पटलं नाही. थोड्या वेळाने खिळे उपसता उपसता म्हणाले, "आमच्याकडे विनोद बसून सांगतात. स्वतःबद्दल सांगतात, फार तर आपल्या घरच्यांबद्दल. ऐकणारा पाहुणचार घेतल्यासारखा ऐकतो. आपण इथे समोरच्याला उभ्या उभ्या मारता आणि पुढे निघून जाता. त्याला लागलं का, हे बघायलाही थांबत नाही."

बघायला थांबायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांच्या घरी हा प्रश्न त्यांच्या बायकोने कधीच सोडवून टाकला होता. त्या काकू एका वसतिगृहाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करतात. तिथे बायका दिवसभर एकमेकींची टर उडवत असतात. काकू शेजारणीचे खांदे बघतात. खांदे हलले की त्याही हसतात. "काय बोलले ते कशाला कळायला हवं," त्या मला म्हणाल्या, "हसायला नुसते दात लागतात." काकूंनी उभ्या जन्मात एक विनोद केलेला नाही, पण धोबीखान्यात सगळ्यांत गमती बाई म्हणून त्यांचं नाव आहे.

आणि मुलगी. ती इथे आली तेव्हा शाळेत होती. आता चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना काड्या बसवून देते आणि बोलण्यात इथल्यांच्या वरताण आहे. एकदा पाहुणे डबा विसरले म्हणून ती तो घेऊन कारखान्यात आली. दारात पॉलिशवाले.

"हे डबा विसरतात, की डबाच यांना चुकवतो?" ते म्हणाले.

"डबा गुणी आहे हो काका," ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "खाली ठेवला तर तुम्ही त्यालाही पॉलिश माराल, म्हणून हातात धरून उभी आहे."

पॉलिशवाले एक शब्द न बोलता खोलीत गेले. आमच्याकडे हा फार मोठा मान आहे. घरी जाऊन त्यांनी जेवताना ही हकिगत सांगितली. त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. आपल्या बापाला गप्प करणारी पोरगी आहे तरी कोण, हे बघायला तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला गेला. डोळे ठणठणीत होते. तरी तो पुन्हा गेला, पुन्हा तपासून आला, आणि बिननंबरी चष्मा लावून गावभर फिरू लागला. पुढचं मी वेगळं सांगायला नको. वर्षभरात दोघांनी आपापल्या घरी सांगून टाकलं की आम्हाला लग्न करायचं आहे.

पाहुण्यांची झोप उडाली ती तेव्हापासून.

एका दुपारी ते फोमच्या गठ्ठ्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. "मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती त्या घरात राहायला जाणार. तिथे ते आहेत."

"पॉलिशवाले?"

"मी सहा वर्षं त्यांचं ऐकतो आहे. ते माझा अपमान करतात की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मी मोठा माणूस आहे, मी सहन करतो. संध्याकाळी घरी जातो, मग संपतं. तिचं तेच घर असेल. ती घरी कुठे जाणार?"

"अहो, ती त्यांना पुरून उरेल."

"ती बोलते. तिला लागत नाही असं कोण म्हणालं? मीही कधी म्हणालो नाही की मला लागतं."

मी विचारलं, "मग नाही म्हणणार का?"

"मी रविवारी त्यांना सगळ्यांना घरी बोलावलं आहे. त्यानंतर सांगेन, असं तिला म्हणालो. मी नाही म्हणालो तर ती ऐकेल. वाद घालणार नाही." त्यांनी फोमचा एक कण उचलून खाली टाकला. "ती ऐकेल, म्हणून तर भीती वाटते."

मग त्यांनी मला थट्टा शिकवायची विनंती केली. रविवारी पॉलिशवाले काही बोलले तर आपल्यालाही उत्तर देता यावं, मुलीचा बाप अगदीच गरीब गाय वाटू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. आम्ही गठ्ठ्यांच्या मागे शिकवणी सुरू केली. मी पॉलिशवाले झालो.

"काय पाहुणे, शर्ट शिवलाय की सोफ्याचं उरलेलं कापड गुंडाळलंय?"

पाहुण्यांनी शर्टाकडे बघितलं. "हा विकत घेतलेला आहे."

"तसं नाही. तुम्ही उलट बोलायचं. माझ्यात काही वाईट दिसतं का बघा आणि ते बोला."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, दुरुस्तीला आलेल्या खुर्चीत किती भरावं लागेल याचा अंदाज घ्यावा तसे. "आपले कान थोडे बाहेर आलेले आहेत," ते म्हणाले. "माफ करा."

"ते माफ करा नको."

"पण ते खरोखरच बाहेर आलेले आहेत."

"असू देत. खरं असलं तरी चालतं."

"मग त्यात विनोद कुठे आहे?"

मी पुन्हा खिडकीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी घरून डब्यात काहीतरी गोड आणलं. कानांवरून बोललो त्याचं रात्रभर वाईट वाटत होतं, म्हणाले. शिकवणी तिथेच आटोपली. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. "रविवारी आपण माझ्या शेजारी बसा. ते जे बोलतील ते थट्टेत असेल, तर टेबलाखालून माझा पाय दाबा. म्हणजे मी रागावणार नाही. पाय दाबला नाही, तर ते खरं आहे असं मी समजेन."

तिकडे पॉलिशवाल्यांच्या घरी काय चाललं होतं, ते मला त्यांच्या बायकोने मागाहून सांगितलं. त्या शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळतात. शंभर पोरांना एका नजरेत बसवणारी बाई. शनिवारी त्यांनी नवऱ्याला समोर उभं केलं. "अहो, उद्या तोंडातून एक वाकडा शब्द काढू नका. तो माणूस तुमच्या एका वाक्यावर खुर्ची सोलून बसला होता. उद्या हे लग्न सोलून ठेवील." पॉलिशवाले निमूटपणे हो म्हणाले. ती खुर्ची त्यांच्याही मनात कुठेतरी टोचतच होती. ही गोष्ट नवराबायकोतच राहिली. मुलालासुद्धा पत्ता नव्हता.

रविवारी मी वेळेवर जाऊन पाहुण्यांच्या उजव्या हाताला बसलो, पाय तयार ठेवून. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आतल्या स्वयंपाकघराला पडदा. घरातल्या सगळ्या खुर्च्यांना पाहुण्यांनी नवं कापड चढवलं होतं. पॉलिशवाले इस्त्रीच्या शर्टात आले, गळ्यापर्यंत बटणं लावून. बोटं थिनरने इतकी घासली होती की ती कुणा दुसऱ्याची वाटत होती. खुर्चीच्या अगदी कडेला ते हात गुडघ्यांवर ठेवून बसले, बायको एका बाजूला, मुलगा दुसऱ्या.

"आपलं घर फार छान आहे," पॉलिशवाले म्हणाले.

पाहुण्यांनी टेबलाखाली बघितलं. माझा पाय जागच्या जागी होता.

"धन्यवाद," पाहुणे म्हणाले.

"हवाही छान येते."

काकू मोठ्याने हसल्या. पॉलिशवाले तोंड उघडतील तेव्हा विनोदच असणार, असं त्यांनी नवऱ्याकडून सहा वर्षं ऐकलं होतं. त्यांचं एकटीचं हसू खोलीभर फिरून परत आलं. मुलाने चष्मा काढून काचा पुसायला घेतल्या.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. पॉलिशवाल्यांनी तिच्याकडे बघितलं, घाईने नजर खाली नेली, ती खुर्चीच्या हातावर पडली, आणि ते म्हणाले, "खुर्च्यासुद्धा छान आहेत."

तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि एकही शब्द न बोलता पडद्याआड गेली.

पॉलिशवाल्यांची अवस्था मला दिसत होती. जी काही थट्टा तोंडाशी येत होती ती ते गिळत होते. त्यांनी कप उचलला आणि घोट घ्यायच्या आधीच म्हणाले, "चहा छान झालाय."

"आपण पाय का दाबत नाही?" पाहुण्यांनी माझ्या कानाशी विचारलं.

"दाबण्यासारखं काही झालंच नाही."

"म्हणजे ते खरं बोलत आहेत?"

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, नाही."

आतून मुलीने हाक मारली, "बाबा, जरा इकडे या." पाहुणे आत गेले. पडदा पातळ होता आणि माझे कान कसे आहेत ते तुम्ही ऐकलंच आहे.

"बाबा, त्यांना मी नको आहे."

"असं कोण म्हणालं?"

"तुम्ही ऐकलं नाहीत का? घर छान, हवा छान, खुर्च्या छान. चहा तर प्यायच्या आधीच छान. मागच्या महिन्यात हेच मला म्हणाले होते, तू घरात आलीस की मी पॉलिशच्या खोलीत राहायला जाणार. आणि आज माझ्याकडे बघवत नाही त्यांना." तिचा आवाज चिरकला. "इतकं गोड ते परक्याशीसुद्धा बोलत नाहीत."

विचार करा. इतके दिवस पाहुण्यांना जे हवं होतं, ते समोर येऊन बसलं होतं. सभ्य व्याही, गोड बोलणारं घर, मुलीला कुणी टाकून बोलणार नाही. हो म्हणायचं तर आता बिनघोर म्हणता आलं असतं. पण मुलगी पडद्याआड रडत होती, आणि ती त्या गोड बोलण्यानेच रडत होती.

पाहुणे बाहेर आले. बसले नाहीत. पॉलिशवाल्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. चेहरा एखादी वाईट बातमी द्यायला आल्यासारखा.

"मला आपल्याशी स्पष्ट बोलायचं आहे," ते म्हणाले. "आपण माझ्या मुलीशी असंच सभ्यपणे वागणार असाल, तर मी तिला आपल्या घरी पाठवणार नाही."

पॉलिशवाले खालून त्यांच्याकडे बघत राहिले. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची पुसटशीही खूण नव्हती, कारण त्यांना शब्द न् शब्द तसाच म्हणायचा होता. मग पॉलिशवाल्यांच्या बायकोच्या नाकातून एक आवाज निघाला. त्यांनी तोंडाला पदर लावला. आणि त्यानंतर पॉलिशवाले हसले. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. कारखान्यात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नसता. खांदे, पोट, खुर्ची, सगळं हलत होतं. त्यांनी गळ्याचं बटण सोडलं, मग त्याखालचं सोडलं. काकूंना अखेर सोबत मिळाली, त्यांनीही हात धुऊन घेतले.

पाहुणे माझ्याकडे वळले. "मी काय बोललो?"

"पाहुणे," पॉलिशवाले डोळे पुसत म्हणाले, "सहा वर्षं हे कुठे दडवून ठेवलं होतं?" मग एक घोट घेऊन त्यांनी पडद्याकडे तोंड केलं. त्यांचा नेहमीचा चेहरा परत जागेवर आला होता. "अगं ए, हा चहा केलास की माझ्या खोलीतलं काही ओतलंस यात?"

पडद्यामागे नाक ओढल्याचा आवाज, आणि त्यापाठोपाठ, "तुमच्याच खोलीतलं आहे काका. म्हटलं, ओळखीची चव लागेल."

पाहुणे तो आवाज ऐकत होते. शब्दांकडे त्यांचं लक्ष असेल असं मला वाटत नाही. आवाज कापत नव्हता, तेवढं त्यांनी ऐकलं, आणि खाली बसले. "ठीक आहे," ते म्हणाले. "माझी हरकत नाही."

मी निघालो तेव्हा ते जिन्यापर्यंत आले. "मी विनोद केला नव्हता. मला तसंच म्हणायचं होतं."

"ठाऊक आहे."

"मग त्यांना सांगायला हवं."

"नको," मी म्हटलं. "हे कुणालाच सांगू नका."

आता सांगून उपयोगही नव्हता. सोमवारी पॉलिशवाल्यांनी ते वाक्य कारखान्यात जसंच्या तसं करून दाखवलं, उभं राहण्यासकट. बाईंनी केबिनमधून बाहेर येऊन पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून पाहुण्यांचा दबदबा वाढला आणि पंचाईतही. "खिळे संपले आहेत," ते म्हणाले की कापड कापणारा मांडीवर थाप मारतो. एकदा त्यांची दाढ दुखत होती. ते दिवसभर सांगत होते आणि सगळे दिवसभर हसत होते, गाल सुजला तेव्हा कुठे बाईंनी त्यांना दवाखान्यात धाडलं.

लग्न झालं. मुलगी पॉलिशवाल्यांच्या घरी गेली. पण पाहुण्यांचा घोर सुटला नव्हता. "त्या दिवशी ती सावरली," ते मला म्हणाले, "पण तो एक दिवस होता. रोजचं काय?" तिला विचारलं तर ती छान चाललंय म्हणत नाही, कारण ती इथली झालेली, म्हणते, "काय सांगू बाबा, जीव नकोसा झालाय." एवढं बोलून मजेत फोन ठेवते. आता बापाने काय समजायचं.

त्यांनी तिच्या खोलीसाठी एक आरामखुर्ची तयार केली. ती पोचवायला एका संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर पॉलिशवाल्यांचं दार अर्धं उघडं आणि आतून बोलणं ऐकू येत होतं. पाहुण्यांनी माझा दंड धरला. "थांबा."

"या घरात दार लावून घ्यायची पद्धत आहे," पॉलिशवाल्यांचा आवाज.

"पद्धत असेल," मुलगी म्हणाली, "पण दार लागत नाही. तुम्ही त्याला इतके थर चढवलेत की ते चौकटीत मावत नाही. मालकावर गेलंय."

"बरोबर बोलली," सासूबाईंचा आवाज.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"दाराच्या."

पाहुण्यांची पकड घट्ट झाली. "हे भांडण आहे?"

"नाही."

"कशावरून?"

मी सांगणार तेवढ्यात आतून पॉलिशवाले म्हणाले, "बापाने खुर्च्यांच्या जागी हिचं तोंड शिवलं असतं तर उपकार झाले असते."

"शिवणारच होते," मुलगी म्हणाली. "सुईसुद्धा ओवली होती. मग म्हणाले, तुझं सासर बघता राहू दे उघडं, कामाला येईल."

आत कुणाला तरी हसून ठसका लागला. सासूबाईंना लागला असावा. पाठोपाठ पाणी ओतल्याचा आवाज.

"मी असं कधीच म्हणालो नाही," पाहुणे माझ्या कानात म्हणाले.

"ठाऊक आहे."

ते विचारात पडले. त्यांना विचार करताना मी इतकी वर्षं बघतोय. घाई करून उपयोग नसतो. खुर्चीचं माझ्याकडचं टोक मी कठड्याला टेकवलं.

"पण म्हणायला हवं होतं," ते म्हणाले.

मी घंटीकडे हात नेला, तर त्यांनी तो खाली घेतला. त्यांनी आरामखुर्ची जिन्याच्या चौकात नीट टेकवली, हातांवरचा कागद सारखा केला आणि स्वतःच तिच्यात बसले, कान दाराकडे करून.

"जरा थांबू या," ते म्हणाले. "तिचं अजून संपलेलं नाही."